एकाच घरची औषधं

३ ऑगस्ट

दुकानात आज तिसरा दिवस, आणि आत्ताच वीट आलाय. केसांना वास, ओढणीला वास, घरी येऊन दोनदा साबण लावला तरी बोटांना वास. कुजका लसूण रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा तसा. डबा नेला होता, तो तसाच परत आणला. आई म्हणाली, "काहून, भाजी आवडली नाई का?" तिला काय सांगणार.

पांढरकवड्याच्या अलीकडे, हायवेला लागून रामरावकाकांचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचं औषध. सगळे त्याला औषधच म्हणतात. डब्यावर लाल त्रिकोणात कवटी छापलेली असते आणि गिऱ्हाईक म्हणतं, एक लिटर औषध द्या. काका पावडरीच्या फुटक्या पुड्या हाताने गोळा करतात आणि त्याच हाताने कच्चा चिवडा खातात, वर कांद्याची फोड. मग बोटाला थुंकी लावून पावतीपुस्तकाचं पान उलटतात. मला शिसारी आली ते त्यांनी पाहिलं. हसले. "पोरी, याच्यावरच तं आपलं पोट हाये. नाक दाबून कसं चालन?"

भिंतीवर परवान्याशेजारी त्यांचा पुतण्या नयन याचं शेतकी पदवीचं सर्टिफिकेट आहे. कायद्याने दुकानात शिकलेला माणूस लागतो. नयन पुण्यात बँकेत आहे. काका रोज सकाळी त्या फ्रेमला उदबत्ती ओवाळतात. नयनला मी आजवर पाहिलेलं नाही.

बी. ए. इंग्लिश करून मी हे करतेय. गेल्या वर्षी टीईटी, शिक्षक व्हायची परीक्षा, चार गुणांनी गेली. त्यातले दोन प्रश्न यमकाचे होते, खालीलपैकी कोणता शब्द जुळतो. पहिलीतल्या पोरांचे प्रश्न, आणि मी घाबरून चुकवले. नोव्हेंबरात पुन्हा परीक्षा आहे. तोवर ही नोकरी, आणि तोवर हा वास.

९ ऑगस्ट

दुपारी दुकानात कोणी नसतं, तेव्हा शब्द पाठ करते. शेवट सारखा असलेल्या शब्दांची एकेक रांग, पुढे अर्थ. लाइट, उजेड. फाइट, भांडण. बाइट, चावा. फ्राइट, धास्ती. प्लाइट, दुर्दशा. ब्लाइट, करपा. हा शेवटचा गाईडमध्ये नव्हता, दुकानातल्या एका बाटलीवर सापडला. गाईडमध्ये तर 'नाइट'चा एकच अर्थ, रात्र. आधी 'के' लावून होणाऱ्या सरदाराचा पत्ताच नाही. असली पुस्तकं छापणाऱ्यांची मला किळस येते. दोनशे ऐंशी रुपये घेतात आणि अर्धे अर्थ गिळतात.

मग 'साइड'ची रांग केली. इन्सेक्टिसाइड, किड्याला मारणारं. फंगिसाइड, बुरशीला मारणारं. हर्बिसाइड, तणाला मारणारं. म्हणजे 'साइड' आलं की कोणीतरी मरतं. या रांगेतला एक शब्द मी लिहिला नाही, आमच्या जिल्ह्यात त्याचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. रांग अर्धी ठेवून गिऱ्हाईक बघितलं.

त्यावरून एक सुचलं. दुकानातली नावं मला पाठ होत नाहीत. गिऱ्हाईक फाटका खोका घेऊन येतं आणि मी फळीवर वेड्यासारखी शोधत बसते. परवा एक जण सरळ म्हणाला, "रामराव, शिकेल पोरगी ठेवली म्हणे, हिले तं वाचताच येत नाई." आज मी सगळ्या फळ्या उपसल्या आणि नावं शेवटाप्रमाणे लावली. वर फॉसवाले: प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस. मधे थ्रीनवाले: सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन. खाली प्रिडवाले: इमिडाक्लोप्रिड, असिटामिप्रिड. मग खोक्यातली माहितीपत्रकं वाचली तर गंमतच. जुळणारे सगळे खरोखर नातेवाईक निघाले! फॉसवाल्यांचं विष एका जातीचं, थ्रीनवाल्यांचं मूळ शेवंतीसारख्या फुलात, प्रिडवाले तंबाखूच्या विषाचे चुलतभाऊ.

काका फळी बघून म्हणाले, "डोकं हाये तुले." त्यांचं कौतुकही मला चिकट वाटतं. पण बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२० ऑगस्ट

माणसं किती घाण वागतात. आज एकाने काउंटरवरच बाटलीचं बूच उघडून नाकाशी नेलं. वास डोक्यात गेला तर माल कडक, नाही तर भेसळ. इथे सगळे असंच पारखतात. वास घेताना डोळे मिटतात, अत्तर घेतल्यासारखे.

त्यात उकंडाभाऊ बरा. पलीकडच्या पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा माणूस, पंचेचाळिशीचा असेल. स्वतःचा तुकडा कोरडवाहू, म्हणून लोकांच्या शेतात रोजाने फवारतो. पंप गळतो, त्यामुळे सदऱ्याची पाठ कायम ओली आणि डागाळलेली. त्याच दुपट्ट्याने तोंड पुसतो. मला जवळ उभं राहवत नाही, मी अर्धं पाऊल मागे सरते. त्याला ते कळतं आणि तोही मागे सरतो.

पण तो विचारतो. बाकी कोणी विचारत नाही. वाचता येत नाही, फक्त त्रिकोणाचे रंग ओळखतो, लाल, पिवळा, निळा. आज त्याला फळ्यांची युक्ती सांगितली. तो कान देऊन ऐकत राहिला, एकेक नाव दोनदा म्हणून घेतलं.

"म्हंजे बाई, नावाचं शेपूट पाहाचं."

"हो. शेपूट सारखं तं घर एकच."

"हे फॉसच्या घरचं. हे प्रिडच्या घरचं." त्याने पाच बाटल्या उचलल्या, मी नावं वाचली, त्याने पाचही घरं बरोबर सांगितली. गाईड छापणाऱ्यांपेक्षा हा बरा. परीक्षा होईल तेव्हा होईल, माझा पहिला विद्यार्थी मला मिळाला आहे.

आता दुकानात एक माल संपला की मी अडत नाही. प्रोफेनोफॉस नसेल तर क्लोरपायरीफॉस देते. नाव वेगळं, काम तेच. लोक खूश.

६ सप्टेंबर

पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली आहे आणि बोंडात गुलाबी अळी. सगळा गाव पिसाळल्यासारखा दुकानात घुसतोय. कोणाला कालचं औषध चाललं नाही, कोणाला त्याहून जालीम पाहिजे. घामाचा वास, औषधाचा वास, आणि काउंटरवर खर्ऱ्याच्या पिचकाऱ्यांचे शिंतोडे. मी दिवसभर श्वास अर्धाच घेते.

काका सकाळीच एका मयतीला गेले. जाताना म्हणाले, माळ्यावरच्या बाटल्या आधी काढ. त्या बाटल्यांची तारीख केव्हाच गेलीय, म्हणून त्यांची पावती फाडत नाहीत. इतका निर्लज्जपणा, आणि तो मी निमूट करते.

अकराच्या सुमारास उकंडाभाऊ आला. तांड्यावरच्या धरमसिंगच्या सहा एकरांत फवारायला लागलाय. धरमसिंगकडे प्रोफेनोफॉस अजून अर्धी बाटली आहे, पण अळी मरत नाही, म्हणून 'काहीतरी भारी' आणायला सांगितलं. मी माळ्यावरचं क्लोरपायरीफॉस काढून दिलं. त्याने नाव माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

"हेही फॉसच्याच घरचं बाई! मंग दोन्ही एकाच पंपात टाकलं तं चालते का?"

"चालते. एकाच घरचे हायेत, भांडणार नाईत."

त्याला ते फार आवडलं. "भांडनार नाईत," म्हणत हसत गेला. निदान एका माणसाला तरी आज मी काही शिकवलं. बाकी दिवस उकिरडा.

९ सप्टेंबर

उकंडाभाऊला यवतमाळला नेलं.

सकाळी धरमसिंग दुकानात आला, चेहरा उतरलेला. दोन दिवस फवारणी झाली. काल दुपारी उकंडाभाऊ शेताच्या धुऱ्यावर बसला, म्हणाला डोळ्यांपुढे अंधारी येते. मग तोंडातून लाळ, उलट्या, सगळं अंग घामाने भिजलेलं. बायको भागीरथा पाण्याचे हंडे वाहत होती. तिने आरडाओरडा केला तेव्हा लोक धावले.

धरमसिंग म्हणाला, "डाक्टरनं खोका मांगतला. कोणतं मारलं ते पाहाले. कोणता नेऊ?"

काकांनी क्षणभरही विचार केला नाही. प्रिडवाल्या पावडरीचं रिकामं पाकीट काढलं, मागच्या तारखेची पक्की पावती फाडली, दोन्ही त्याच्या हातात दिली. "हे दे. हे सौम्य हाये. माळ्यावरच्याचं नाव काढलं तं दुकान बी जाईन आन तुह्यावर बी येईन. शेत तुहं हाये, रोजानं तू लावलं."

धरमसिंग पाकीट घेऊन गेला. काकांनी माळ्यावरच्या उरलेल्या बाटल्या पोत्यात भरल्या. मग हात सदऱ्याला पुसले आणि डबा उघडला. भाजी-पोळी. जेवले! मी मागच्या दाराने बाहेर पडले. इतका नीच माणूस मी जन्मात पाहिला नाही.

१० सप्टेंबर

दिवसभर काउंटरला उभी होते, काकांकडे बघवत नव्हतं. चार वेळा वाटलं, तोंडावर बोलावं. बोलले नाही. यवतमाळचे डॉक्टर शिकलेले आहेत, लक्षणं बघून त्यांना कळेलच. आणि माल काकांचा, माळा काकांचा, खोटं पाकीट काकांचं. माझा काय संबंध? मी सहा हजार रुपयांवर काउंटरला उभी राहणारी बाई आहे.

शब्द पाठ करायला बसले, एकही डोक्यात गेला नाही.

११ सप्टेंबर

एसटी स्टँडवर भागीरथा भेटली. कपडे घ्यायला आणि घरी ठेवलेल्या पोरीला पैसे द्यायला एका दिवसासाठी गावात आली होती, संध्याकाळच्या गाडीने परत चालली होती. मला बघून हसली.

"बरं हाये बाई आता. बोलून राह्यला. काल भात खाल्ला. डाक्टर म्हणे, पावडरीचंच होतं तं उद्या-परवा घरी जा."

मी म्हटलं, छान. ती गाडीत चढली. खिडकीतून हात केला.

घरी येऊन माहितीपत्रक काढलं. दुकानातून मी सगळी घरी आणली होती, अभ्यासाला. फॉसवाल्याचं तिसरं पान, अगदी बारीक अक्षरात. रोगी सुधारल्यासारखा वाटला तरी दोन ते चार दिवसांत श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, तोवर दवाखान्यातून हलवू नये. चौथ्यांदा वाचलं तरी तेच लिहिलेलं. प्रिडवाल्याच्या पत्रकात असलं काहीही नाही. आणि तिथे डॉक्टरांच्या हातात प्रिडचं पाकीट आहे.

पोडावर श्वास बंद पडला तर गाडी यायलाच दीड तास लागतो.

१२ सप्टेंबर

पहिल्या गाडीने यवतमाळला गेले. आईला सांगितलं, परीक्षेचा फॉर्म.

वॉर्डात फिनेलचा वास, आणि त्याखाली तोच वास, माणसांच्या अंगातून येणारा. आणखी चौघे होते, वेगवेगळ्या गावांचे. उकंडाभाऊ उशाला टेकून बसला होता. मला बघून उठायला गेला. "बाई, तुमी कायले आल्या?" आवाज चिरका, मान जड झाल्यासारखी सारखी पुढे पडत होती. भागीरथा कपड्यांची पिशवी भरत होती. घरी न्यायची तयारी.

मी डॉक्टरबाईंना गाठलं. तरुण, डोळे तारवटलेले. सांगितलं, पावडर नव्हती, प्रोफेनोफॉस आणि क्लोरपायरीफॉस होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"दोन्ही? एकाच पंपात?"

"हो."

"दोन दिवस?"

"हो."

"अहो, म्हणजे दुप्पट गेलंय त्याच्या अंगात. एकाच प्रकारचं विष दोनदा." त्या उठून चालायलाच लागल्या, मी मागे धावले. "एकत्र करायला सांगितलं कोणी याला?"

"दुकानातून," मी म्हटलं.

त्यांनी उकंडाभाऊला उशीवरून मान उचलायला सांगितली. त्याला येईना. मग सगळी धावपळ. भागीरथाच्या हातातली पिशवी कोणीतरी काढून घेतली. आतल्या खोलीत नेलं. चारला त्याला श्वासाचं यंत्र लावलं. डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "दुपारी सोडणार होतो. तुम्ही आलात म्हणून." आणि परत आत गेल्या.

येताना गाडीत डॉक्टरबाईंचे शब्द डोक्यातून जाईनात. दुप्पट, एकाच प्रकारचं. मला हे कसं कळलं नाही? एकाच घरचे म्हणजे एकमेकांत भर घालणारे, हे पहिलीतल्या पोरालाही समजलं असतं. मी नुसती शेपटं जुळवत बसले. पण पंपाला गळती होती. तारीख गेलेला माल होता. नाकातोंडाला बांधायला काही दिलं नव्हतं. हे सगळंही खरंच आहे.

१६ सप्टेंबर

दवाखान्यातून कळवलं गेलं, तालुक्याचे कृषी अधिकारी आले. दुकानाला सील. पोत्यातल्या बाटल्या काकांच्या गोठ्यात सापडल्या. माझा जबाब घेतला. माल कोणाचा, पावती का नाही, पाकीट कोणी बदललं, सगळं खरं सांगितलं. आवाज स्वच्छ होता माझा.

मग साहेबांनी विचारलं, "दोन औषधं एकत्र मिसळायचा सल्ला कोणी दिला?"

"दुकानदाराने."

काका समोरच बसले होते. ते ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "पोरी, मी तं त्या दिवशी मयतीले गेलतो."

साहेबांनी वर बघितलंही नाही. दिवसभर खोटं बोललेल्या माणसाचं कोण ऐकतं? मी सही केली.

त्यांच्याबद्दल मला काडीचीही दया येत नाही. तरी हे का लिहितेय कळत नाही.

२ ऑक्टोबर

ग्रामसभेत माझा सत्कार झाला. शाल, नारळ. सरपंच म्हणाले, इंग्रजी शिकलेल्या लेकीमुळे एका गरिबाचा जीव वाचला, आपल्या पोरींना शिकवा. टाळ्या. पहिल्या रांगेत आई रडत होती. मी शाल घेतली. अंगावर घेतली सुद्धा.

फोटो काढणाऱ्याने म्हटलं, ताई, हसा. मी हसले. आता आरशात बघवत नाही. काकांच्या चिवड्याच्या बोटांची मला किळस येत होती, तशी आज स्वतःच्या दातांची येतेय. शाल ट्रंकेत खाली दाबून ठेवली. आईने ती काढून परत खुंटीला लावली.

१२ ऑक्टोबर

आज दोघं घरी आले. उकंडाभाऊ निम्मा झालाय, गळ्याशी नळीची खूण. भागीरथाच्या टोपलीत शिताफळं, एकेक निवडून आणलेलं. आईने त्यांना खाटेवर बसवलं, ते खाली बसले. आईने पुन्हा वर बसवलं.

भागीरथा म्हणाली, "तू नसती आली बाई, तं मी याले पिशवीसंगं घरीच घेऊन चालली होती."

शिताफळाला मुंग्या लागल्या होत्या, त्या बघत राहिले.

उकंडाभाऊ म्हणाला, "येत्या सोमवारपासून कामावर जाऊन राह्यलो. हाताले जोर नाई, पण रोज तं पाहिजे. दुसऱ्या शेतावर बलावलं. त्याईनं दोन औषधं आणून ठेवले. एक थ्रीनच्या घरचं हाये, एक प्रिडच्या. मी म्हटलं, आधी आमच्या बाईले इचारतो. मंग मिसळतो."

आमच्या बाईला. आई कौतुकाने माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "उकंडाभाऊ, त्या दिवशी तुमाले मिसळाले मीच सांगतलं होतं."

"हो, सांगतलं तं होतं."

"ते चुकीचं होतं. काकांनी नाई सांगतलं, मी सांगतलं. एकाच घरचे भांडत नाईत, हे मी मनानंच म्हटलं. मले काईच माहीत नव्हतं. दोन्ही मिळून दुप्पट विष झालं. तुमी त्याच्यानंच पडले. साहेबापाशी मी खोटं बोलली."

भागीरथाचा हात टोपलीवर थांबला. आई उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. उकंडाभाऊ रागावेल म्हणून मी वाट बघत होते. रागावला असता तर बरं झालं असतं. तो जमिनीकडे बघत काहीतरी जुळवत राहिला, ओठ हलत होते. मग मान वर केली.

"तुमाले माहीत नव्हतं?"

"नाई."

"मंग आता मी कोणाले इचारू बाई?"

तो खरंच उत्तराची वाट बघत होता.